अवशेष आणि त्यांचे वारस

(नभोवाणीवरील भाषण)

प्राचीन अवशेष पाहावयास गेलेल्या माणसाच्या तोंडी एक शब्द सहजगत्या येतो. तो शब्द म्हणजे 'ओसाड'. पडक्या भिंती, छप्पर नसलेली घरे, पायऱ्यांच्या फटींतून उगवलेले गवत हे सारे दृष्टीस पडले की, येथे एके काळी माणसे नांदत होती, आता कोणी उरले नाही, असे आपण मनाशी म्हणतो. क्षणभर उदास होतो, छायाचित्र काढतो आणि गाडीची वेळ झाली म्हणून माघारी फिरतो. आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे ते इतकेच की, जगातील पुष्कळ अवशेषांच्या बाबतीत हा 'ओसाड' शब्द खरा नसतो. ज्यांनी ते उभारले त्यांचे वारस बहुधा जवळपासच असतात. कित्येकदा तर आपले सामान त्यांच्याच पाठीवर असते.

हा विषय मला सुचला तो तीन पत्रांमुळे. माझे तीन माजी विद्यार्थी अमेरिकेत उच्च शिक्षण घेत आहेत. एक बडोद्याचा, त्याचा विषय पुरातत्त्व. दुसरी बेळगावची, ती अर्थशास्त्र शिकते. तिसरा इंदूरचा, तो स्थापत्य अभियंता होऊ घातला आहे. जून महिन्याच्या सुटीत हे तिघे दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात माचू पिक्चू पाहावयास गेले आणि परत आल्यावर तिघांनी मला निरनिराळी, चांगली विस्तृत पत्रे लिहिली. तिघांनी पाहिले ते एकच. परंतु तिघांचे म्हणणे मात्र एक नाही. म्हणूनच ती पत्रे मला मोलाची वाटली.

प्रथम त्या स्थळाची थोडी माहिती दिली पाहिजे. इंका सम्राटांची राजधानी कुस्को. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंच आहे. तेथून वायव्येला, उरुबांबा नदीच्या एका वळणावर, दोन शिखरांमधल्या खांद्यावर, सुमारे २,४३० मीटर उंचीवर माचू पिक्चूचे अवशेष पसरले आहेत. पंधराव्या शतकात पाचाकुती या सम्राटाच्या काळी ही वसाहत उभी राहिली असे विद्वान मानतात. सुमारे दोनशे वास्तू, चुन्यावाचून एकमेकांत घट्ट बसविलेले दगड आणि कड्यालगत उतरत गेलेली पायऱ्यांची शेते, असे हे स्थळ आहे. १५३२ मध्ये स्पॅनिश सैन्य पेरूत आले, साम्राज्य मोडले आणि ही वसाहतही उठली. आक्रमकांच्या हाती मात्र ती कधी लागली नाही.

इंदूरच्या विद्यार्थ्याचे लक्ष वेधले ते जमिनीवरच्या बांधकामापेक्षा जमिनीखालच्या बांधकामाने. त्या डोंगरावर वर्षाकाठी सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसात उतारावरील वसाहत शंभर वर्षेही टिकू नये. ती टिकली, कारण प्रत्येक पायरीच्या पोटात खाली मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू आणि सर्वांत वर सुपीक माती असे थर घातलेले आहेत. पाणी मुरते आणि वाहून जाते, भिंतीला ढकलीत नाही. या स्थळाचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्यांच्या अंदाजाने एकूण श्रमांपैकी साठ टक्के श्रम पायांत आणि निचऱ्यात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कामात खर्ची पडले आहेत. झऱ्याचे पाणी कालव्याने आणून एकाखाली एक अशा सोळा धारांमधून खेळविले आहे. "ज्यांनी हे बांधले, त्यांना लिपी नव्हती एवढ्यावरून आपण त्यांना मागासलेले म्हणत आलो," असे तो लिहितो. हे वाक्य मला त्याच्या पदवीपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते.

आता या स्थळाच्या 'शोधा'ची हकीगत ऐका. येल विद्यापीठाचे अध्यापक हायरम बिंगहॅम २४ जुलै १९११ रोजी तेथे पोहोचले. नदीकाठी राहणाऱ्या मेल्चोर आर्तेआगा नावाच्या शेतकऱ्याने एक सोल मजुरी घेऊन त्यांना वाट दाखविली. चढण चढून वर गेल्यावर बिंगहॅमना काय आढळले? तेथे रिचार्ते आणि आल्वारेस या नावांची शेतकरी कुटुंबे राहत होती. इंकांनी बांधलेल्या पायऱ्यांच्याच शेतांत ती पिके काढीत होती. सैन्यात माणसे ओढून नेणारे आणि कर वसूल करणारे सरकारी अधिकारी इतक्या उंच येत नाहीत, म्हणून ही जागा बरी, असे त्यांनी पाहुण्याला सांगितले. भोपळ्यातून थंड पाणी दिले, उकडलेली रताळी खाऊ घातली आणि पुढची वाट दाखवावयास एक लहान मुलगा बरोबर दिला. इतकेच नव्हे तर, तेथील एका मंदिराच्या भिंतीवर आगुस्तिन लिसारागा हे त्याच भागातील शेतकऱ्याचे नाव आणि १९०२ हे साल कोळशाने लिहिलेले होते. बिंगहॅमनी आपल्या टिपणवहीत त्याची नोंदही केली. परंतु एप्रिल १९१३ मध्ये अमेरिकेतील एका प्रसिद्ध मासिकाने सबंध अंकच या स्थळाला वाहिला आणि जगाच्या दृष्टीने शोधकर्ता ठरले ते बिंगहॅम. लिसारागा त्यापूर्वीच, १९१२ मध्ये, नदीत बुडून मरण पावला होता.

शेतात पीक उभे आहे, चुलीवर रताळी शिजत आहेत, अंगणात मूल खेळते आहे आणि तरीही त्या जागेला 'हरवलेले नगर' म्हणावयाचे! बडोद्याच्या विद्यार्थ्याने येथे एक नेमका प्रश्न विचारला आहे: "सर, हरवले होते ते कोणाला?"

बिंगहॅमच्या कर्तृत्वाला कमीपणा आणण्याचा माझा हेतू नाही. नकाशे, मोजमापे, छायाचित्रे, उत्खनन हे श्रम त्यांचेच होते आणि त्यांच्यावाचून जगाला हे स्थळ इतक्या लवकर कळले नसते. प्रश्न केवळ शब्दाचा आहे. पण शब्दांतूनच हक्क उत्पन्न होतात. आपल्या अजिंठ्याचेच पाहा. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी तेथे शिकारीच्या निमित्ताने गेला आणि दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरून आला. शोधाचे श्रेय आपली पाठ्यपुस्तके त्यालाच देतात. परंतु त्या लेण्यांजवळच्या गावाचे नाव लेणापूर आहे. ज्या गावाने आपले नावच लेण्यांवरून घेतले, त्या गावाला लेणी ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल?

शब्दांतून हक्क उत्पन्न होतात असे मी म्हटले, त्याचा पुरावाही या हकीगतीत आहे. १९१२ आणि त्यानंतरच्या मोहिमांत सापडलेली भांडी, हत्यारे, दागिने आणि मानवी अस्थी अभ्यासासाठी म्हणून येल विद्यापीठात गेल्या. त्या परत कराव्यात अशी पेरूची मागणी होती. प्रकरण २००८ मध्ये अमेरिकेतील न्यायालयापर्यंत पोहोचले. अखेर २०१० मध्ये समझोता झाला आणि २०११ व २०१२ या वर्षांत त्या वस्तू पेरूला परत मिळाल्या. आज त्या कुस्को येथील विद्यापीठाच्या देखरेखीखाली एका जुन्या वाड्यात मांडलेल्या आहेत. म्हणजे ज्या मुलांच्या पूर्वजांची ती भांडी, ती मुले आता आपल्याच गावात त्यांचा अभ्यास करू शकतात. शंभर वर्षे लागली, पण हे घडले.

येथे एका शंकेचे निरसन केले पाहिजे. आजचे तेथील शेतकरी हे इंका सम्राटांचे वंशज कशावरून, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. माचू पिक्चू येथे पुरलेल्या माणसांच्या अस्थींचा जनुकीय अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून असे दिसते की, तेथे राहून सेवाचाकरी करणारी माणसे साम्राज्याच्या दूरदूरच्या प्रांतांतून, काही तर अॅमेझॉनच्या खोऱ्यातून आणलेली होती. तेव्हा वारसा हा एखाद्या राजघराण्याचा सातबारा नव्हे. तो त्या सर्व लोकांचा आहे, ज्यांच्या पूर्वजांनी दगड वाहिले आणि ज्यांनी ती भाषा, ती शेती, तो डोंगरांविषयीचा भक्तिभाव आजवर टिकवला. ती भाषा म्हणजे क्वेचुआ. तिचे बोलणारे तिला 'रुनासिमी', म्हणजे 'माणसांची बोली', असे म्हणतात. २०१७ च्या जनगणनेत पेरूमध्ये सुमारे ३७ लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. १९७५ मध्ये तिला राजभाषेचा दर्जा मिळाला, तरी शहरात ती बोलावयास संकोच वाटावा अशी परिस्थिती पुष्कळ काळ होती. परप्रांतात पिढ्यान्पिढ्या राहून आपली भाषा घराच्या उंबरठ्याआत जपणाऱ्या माझ्या श्रोत्यांना या संकोचाचा अर्थ समजावून सांगावयास नको.

यानंतर माझ्या विद्यार्थ्यांमधील मतभेदाकडे वळतो. कुस्कोच्या चौकात रंगीत पारंपरिक पोशाख घालून, कडेवर अल्पाकाचे पिल्लू घेऊन बसलेल्या स्त्रिया दिसतात. प्रवासी त्यांच्याबरोबर छायाचित्र काढतात आणि काही नाणी देतात. बडोद्याच्या विद्यार्थ्याला हे फार लागले. तो लिहितो की, ज्या लोकांनी ते डोंगर घडविले, त्यांच्या लेकींनी स्वतःच देखावा होऊन बसावे, ही पर्यटनाने केलेली विटंबना होय. त्याच्या मते अशा स्थळी प्रवाशांची संख्या कठोरपणे मर्यादित करावी. त्याच्या बाजूने पुरावाही आहे. २०१९ मध्ये सुमारे पंधरा लाख लोकांनी माचू पिक्चू पाहिले. सप्टेंबर २००० मध्ये तर एका बिअरच्या जाहिरातीचे चित्रीकरण चालू असता यंत्र कोसळून 'इंतिवाताना' या पवित्र मानलेल्या शिलेचा टवका उडाला. पाच शतके ज्या दगडाला भूकंपांनी धक्का लावला नाही, त्याला जाहिरातीने लावला.

बेळगावच्या विद्यार्थिनीला हे मत मान्य नाही. तिने मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये त्या बायकांपैकी एकीशी संभाषण केले. ती बाई म्हणाली की, गावी बटाट्याला भाव नसतो, तेव्हा या नाण्यांतून मुलीच्या शाळेचा खर्च भागतो. आणि हा पोशाख काही भाड्याचा नाही, माझ्या आईने विणलेला आहे. "तेव्हा," आमची अर्थशास्त्राची विद्यार्थिनी लिहिते, "विटंबना नेमकी कोठे आहे? तिच्या बसण्यात की तिच्याशी एक शब्दही न बोलता छायाचित्र काढून निघून जाणाऱ्या आमच्यात?" ती पुढे असेही दाखवून देते की, प्रवासी कमी करा हे म्हणणे सोपे आहे, परंतु कमी झाल्यावर प्रथम कोणाची चूल विझते याचा हिशेब कोणी मांडीत नाही. २०२० मध्ये महामारीमुळे ते स्थळ कित्येक महिने बंद होते, तेव्हा दगडांना विश्रांती मिळाली आणि ओझी वाहणारे तरुण गावी परतले ते रिकाम्या हातांनी.

या दोघांत कोण बरोबर? माझ्या मते दोघांचाही प्रश्न अर्धा आहे. किती प्रवासी यावेत, हा प्रश्न महत्त्वाचा खरा. २०२४ मध्ये ही मर्यादा दिवसाला ४,५०० आणि विशेष दिवशी ५,६०० अशी ठरविण्यात आली. परंतु त्याच वर्षी जानेवारीत तिकिटांची विक्री एका खाजगी कंपनीकडे सोपविली गेली, तेव्हा डोंगराच्या पायथ्याच्या गावातील लोकांनी संप पुकारला, आगगाडी अडवली आणि हजारो प्रवासी खोळंबले. त्यांचा राग संख्येवर नव्हता. आपल्या दाराशी चाललेल्या व्यवहाराचे निर्णय आपल्याला न विचारता होतात, यावर तो होता. म्हणजे किती यावे, याच्याही आधीचा प्रश्न आहे, तो हे कोणी ठरवावे हा. वारसांना विचारल्यावाचून केलेले संरक्षण आणि वारसांना विचारल्यावाचून केलेला व्यापार, ही एकाच घराची दोन दारे आहेत.

कुस्कोजवळून जुन्या इंका वाटेने माचू पिक्चूपर्यंत पायी जाता येते. त्याला चार दिवस लागतात. या वाटेवर दिवसाला पाचशेच माणसे सोडतात. त्यांत प्रवासी सुमारे दोनशे आणि बाकीचे वाटाडे, आचारी व ओझेवाले. म्हणजे एका प्रवाशामागे एकाहून अधिक माणसे राबतात. हे ओझेवाले बहुतेक क्वेचुआ शेतकरी. पूर्वी त्यांच्या पाठीवर किती लादावे याला धरबंध नव्हता. २००१ च्या कायद्याने माणशी वीस किलोची मर्यादा घातली आणि वाटेच्या आरंभी ओझे तोलले जाऊ लागले. इंदूरचा विद्यार्थी लिहितो की, तिसऱ्या दिवशी दाट धुक्यात त्याच्या शेजारून एक पन्नाशीचा ओझेवाला झपझप वर गेला आणि जाता जाता त्याने दरडीतून वाहणाऱ्या एका जुन्या मोरीतला पाला पायाने बाजूला सारला. कोणी सांगितले नव्हते, कोणी पाहत नव्हते. "पाणी तुंबू नये एवढ्यासाठी," असे विद्यार्थी लिहितो. "त्या क्षणी मला समजले की, साठ टक्के अदृश्य काम अजून चालू आहे."

या विद्यार्थ्याच्याच आग्रहाने तिघे आणखी एका ठिकाणी गेले आणि माझ्या मते साऱ्या प्रवासाचे सार तेथे आहे. कुस्कोच्या दक्षिणेस आपुरिमाक नदीच्या घळीवर केस्वाचाका नावाचा पूल आहे. तो दगडाचा नाही, लाकडाचा नाही, गवताचा आहे. दर वर्षी जूनमध्ये चार क्वेचुआ गावांतील लोक एकत्र येतात. घरटी ठरलेल्या हिश्शाप्रमाणे गवताच्या दोऱ्या वळून आणतात. त्या दोऱ्यांचे दोर, दोरांचे जाड सोल होतात. धरणीमातेची पूजा होते. जुना पूल कापून नदीत सोडला जातो आणि तीन दिवसांत नवा पूल दोन्ही काठांना जोडतो. चौथ्या दिवशी नाच, गाणे, जेवण. जवळच वाहनांचा लोखंडी पूल आहे. तेव्हा गरजेपोटी हे काम कोणी करीत नाही. इंकांच्या काळापासून चालत आलेली ही रीत २०१३ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदविली. महामारीच्या काळात लोकांना एकत्र येता आले नाही, आणि मार्च २०२१ मध्ये तो पूल तुटून नदीत पडला. त्याच वर्षी जूनमध्ये गावकऱ्यांनी तो पुन्हा बांधला.

श्रोतेहो, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. माचू पिक्चूचा दगड माणसे निघून गेली तरी उभा राहिला, म्हणून आपण त्याला चिरंतन म्हणतो. केस्वाचाकाचा पूल माणसे एक हंगाम न आली तर पडतो, म्हणून त्याला कोणी आश्चर्यांच्या यादीत घालीत नाही. पण खरा वारसा कोणता? दगड आपल्याला एवढेच सांगतो की, हे ज्ञान एके काळी होते. पूल सांगतो की, ते अजून आहे, कोणाच्या तरी बोटांत आहे. ही बोटे ज्या दिवशी दोरी वळावयास विसरतील, त्या दिवशी माचू पिक्चू खऱ्या अर्थाने ओसाड होईल; मग तेथे दररोज पाच हजार माणसे गेली तरीही.

आणि हे ज्ञान आपल्यापासून फार दूर आहे असेही नाही. बटाटा प्रथम लागवडीखाली आणला तो अँडीज पर्वतातील शेतकऱ्यांनीच. रताळे आणि भुईमूग हीही त्याच खंडाच्या परिसरातून जगभर गेलेली पिके. आपल्या एकादशीच्या ताटातील बटाट्याची भाजी, दाण्याचा कूट आणि रताळ्याचा कीस ज्यांच्या पूर्वजांच्या कष्टांतून आला, ते लोक आपल्याला अगदीच परके कसे म्हणावेत?

कोणी म्हणेल, पेरूला जाणारे किती? आमच्या मुलांच्या सहली जातात त्या जवळपास. तर मग जवळचेच घेऊ. इंदूर-भोपाळकडील श्रोत्यांना भीमबेटका ठाऊक आहे. १८८८ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिक आदिवासींनी दिलेल्या माहितीवरून त्या जागेचा उल्लेख केला होता. पुढे १९५७ मध्ये उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर तेथे पोहोचले आणि तेथील चित्रांचे महत्त्व त्यांनी जगापुढे आणले. २००३ मध्ये त्या स्थळाला जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हा युनेस्कोने एक गोष्ट आवर्जून नमूद केली. आसपासच्या एकवीस गावांतील लोकांच्या चालीरीतींचे शैलचित्रांतील जीवनाशी निकटचे साम्य आहे, ही ती गोष्ट होय. किती सहली भीमबेटक्याला जातात आणि त्यांपैकी किती त्या एकवीस गावांपैकी एका तरी गावात पाऊल टाकतात, याचा विचार आमच्या शिक्षकवर्गाने करावा.

विद्यार्थ्यांनी प्रवास करू नये असे मी मुळीच म्हणत नाही. घरी बसून कोणाच्याही पूर्वजांविषयी आदर उत्पन्न होत नाही. मात्र जाताना आपण प्रेक्षक म्हणून न जाता पाहुणे म्हणून जावे. प्रेक्षकाने तिकीट काढले की त्याची जबाबदारी संपते. पाहुण्याची तेथून सुरू होते. पाहुणा यजमानाचे नाव विचारतो, त्याच्या भाषेतले दोन शब्द शिकून येतो, न विचारता त्याच्या मुलाबाळांची छायाचित्रे काढीत नाही, देवघरात पादत्राणे घालून शिरत नाही. आपले ओझे जो वाहतो त्याच्या पाठीवर किती भार आहे आणि हाती किती मजुरी पडते, याची तो चौकशी करतो. वही काढून भिंतीची लांबीरुंदी टिपावी. पण त्याच पानावर, ही भिंत कोणाची आणि आज तिचे पाणी कोण वाहते ठेवते, हेही टिपावे.

माझ्या तिन्ही विद्यार्थ्यांचे अजून एकमत झालेले नाही. बडोद्याचा संख्येची मर्यादा सोडावयास तयार नाही, बेळगावची चुलीचा हिशेब सोडावयास तयार नाही. इंदूरचा तर गवताच्या दोरीवरच प्रबंध लिहू म्हणतो. त्यांनी वाद चालू ठेवावा, असे मी त्यांना कळविले आहे. फक्त एवढे सुचविले आहे की, त्या वादात चौथी खुर्ची मांडावी आणि तीवर केस्वाचाकाच्या काठावर दोरी वळणाऱ्याला बसवावे. त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून निकाल देऊ नये.